कुसुमबाईंच्या नावचं रक्त

१

कुसुम हेब्बळीकरांच्या रक्तात कॅन्सरचा मागमूस नाही, असा रिपोर्ट दिवाळीच्या तोंडावर आला. धारवाडच्या शाळेत जन्मभर मराठी शिकवलेल्या बाई त्या. आतड्याचं ऑपरेशन होऊन गेलेलं. त्यांनी आनंदानं आख्ख्या गल्लीत पेढे वाटले आणि डॉक्टरांनीही पुढचे उपचार थांबवले. मग तुळशीचं लग्न उरकायच्या आत पोटात दुखायला लागलं म्हणून स्कॅन केला, तर यकृतावर डाग! दोन डॉक्टरांनी पाहिलं आणि दोघांचंही एकच मत पडलं. रिपोर्ट साफ चुकलेला होता.

हा रिपोर्ट दिला होता हुबळीत लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बाजूला असलेल्या 'रक्तवेध' प्रयोगशाळेनं. कॅन्सरच्या गाठीतून डीएनएचे बारीक तुकडे रक्तात सुटतात. ते तुकडे मशीनवर अक्षर न् अक्षर वाचायचे आणि त्यातले बिघाड हुडकायचे, हे या प्रयोगशाळेचं काम. मशीन वाचताना स्वतःही चुका करतं. तेव्हा खरा बिघाड कोणता आणि मशीनची चूक कोणती, हे संगणकाला हजारो नमुने दाखवून शिकवलेलं होतं. गावात या प्रयोगशाळेचं मोठं नाव होतं आणि आता तेच नाव पणाला लागलं होतं.

मालक डॉ. श्रीनिधी यांनी सकाळीच धारवाडजवळच्या केलगेरी गावी शकुंतला हुद्दारांना फोन लावला.

"शकुअक्का, तुम्हीच या. पोलिसांत जायच्या आधी तुम्ही एकदा बघा."

शकुंतला हुद्दार म्हणजे सरकारी रक्तपेढीच्या निवृत्त प्रमुख. बाटल्यांची अदलाबदल असो की चिठ्ठ्यांचा घोळ, त्यांनी नोकरीत असे डझनभर गुंते सोडवले होते, आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. श्रीनिधी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. म्हणून प्रयोगशाळेत काहीही शुभकार्य असलं की अक्कांना मानाचं बोलावणं ठरलेलं. यंदाच्या खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेत, मशीनला पहिलं कुंकू त्यांनीच लावलं होतं.

"पोलिसांत? कुणावर?" त्यांनी विचारलं.

"लोकेशवर," श्रीनिधी म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

शकुंतलाबाईंना या उत्तराचं नवल वाटलं नाही. नवल वाटलं नाही, याचंच पुढं त्यांना फार वाईट वाटणार होतं. पण त्या वेळी त्यांनी चष्मा पर्समध्ये टाकला आणि रिक्षा बोलावली.

२

चौकशीला त्यांनी श्रीनिधीच्याच खोलीत बैठक मांडली. पहिली आली वेदश्री. संगणकाला शिकवण्याचं सगळं काम हिचं. पोरगी हुशार, आणि आज रडून डोळे सुजलेले.

"बस गं, आधी चहा घे," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तुझा संगणक चुकला का?"

"मीही आधी तेच धरून चालले होते, अक्का. रात्रभर जीव खालीवर होत होता. पण संगणक नाही चुकला. त्याच्यापुढं जे रक्त आलं, त्यात खरंच काही नव्हतं." वेदश्रीनं लॅपटॉप वळवला. "कुसुमबाईंचं उन्हाळ्यातलं रक्त आपल्याकडे वाचून ठेवलेलं आहे. प्रत्येक माणसाच्या डीएनएत काही अक्षरं जन्मापासून त्याची स्वतःची असतात, ती बदलत नाहीत. तेव्हाची अक्षरं आणि आत्ताची अक्षरं लावून बघितली. जुळतच नाहीत! कुसुमबाईंच्या नावावर आपण वाचलं ते रक्त त्यांचं नव्हेच."

"मग कुणाचं?"

"त्याच ट्रेमधल्या दुसऱ्या कुणाचं तरी असणार. शोधायला लावलंय, थोडा वेळ लागेल."

दुसरा आला हणमंत. धारवाडहून हुबळीला बर्फाच्या पेटीतून नळ्या आणणारा. तो दारातूनच हात जोडत आला.

"अक्का, देवाशपथ सांगतो, पेटी मी वाटेत उघडत नाही. नळीवर नाव छापलेलं असतं की हो. इथं आल्यावर दोघांच्या समोर मोजून देतो. माझ्याकडून काय व्हायचं सांगा!"

ते खरंच होतं. नळ्यांवर नावं होती, आणि त्या नळ्यांतलं उरलेलं रक्तद्रव अजून फ्रीजरमध्ये होतं. घोळ झाला असेल तर तो नळीतून ट्रेमध्ये गेल्यानंतरच. आणि ट्रे हाताळायचा तो लोकेश.

लोकेश आत आला आणि उभाच राहिला. खुर्ची रिकामी होती. पण त्याला बस म्हणायचं शकुंतलाबाईंना सुचलं नाही.

लोकेश कांबळे कर्नाटक विद्यापीठाचा एम.एस्सी., तिशीचा, बोलायला बेताचा. त्याचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. घर जुन्या हुबळीत, घरात बुद्धाची पूजा. एवढी माहिती शकुंतलाबाईंना होती. या माहितीचा आणि चौकशीचा काय संबंध, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला विचारला नव्हता.

"काय केलंस ते नीट सांग."

"प्रत्येक नळीतला डीएनए काढला, मॅडम, आणि ट्रेच्या कप्प्यांत भरला. ट्रेत चोवीस कप्पे, चार रांगा, रांगेत सहा. कप्प्यांवर नावं नसतात. कुठला कप्पा कुणाचा हे जागेवरून ठरतं. मग ट्रे रोबोटच्या मशीनवर ठेवतो. रोबोट प्रत्येक कप्प्यात वेगळी रासायनिक खूण मिसळतो. तिथून पुढं त्या खुणेवरूनच रक्त कुणाचं ते कळतं."

"भरताना चुकला असशील."

"माझी पद्धत अशी आहे की एक कप्पा भरला की त्यावर लगेच झाकायची पट्टी ओढायची. चुकलो नसेन असं वाटतं."

"वाटतं? बाईंचा जीव धोक्यात आहे, आणि तुला नुसतं वाटतं? ट्रे ठेवला आणि लगेच मशीन चालू केलंस?"

"नाही. मध्ये खंडेनवमीची पूजा होती. पूजा आटोपल्यावर चालू केलं."

"आणि पूजेच्या वेळी तू कुठं होतास? सगळे होते, तूच नव्हतास. मशीनवर काम अर्धवट टाकून का गेलास?"

"मला जेवून यायला सांगितलं होतं."

"कुणी?"

लोकेशनं त्यांच्याकडे पाहिलं. अगदी सरळ पाहिलं. मग तो खाली बघत म्हणाला, "आठवत नाही, मॅडम."

शकुंतलाबाईंनी मनाशी नोंद केली की हा पोरगा काहीतरी लपवतोय. ती नोंद खरी होती, म्हणून तर पंचाईत झाली.

३

दुपारी वेदश्री धावतच आली.

"सापडलं! कुसुमबाईंचं खरं रक्त धोंडिबांच्या नावावर गेलंय. आणि धोंडिबांचं त्यांच्या नावावर."

धोंडिबा म्हणजे दाजीबानपेठेतले कापडवाले. खणखणीत माणूस. पण रक्तात पुन्हा बिघाड दिसतोय असा रिपोर्ट हातात पडल्यापासून त्यांच्या जहाल गोळ्या सुरू झाल्या होत्या. त्या गोळ्यांनी अन्न तोंडात जात नव्हतं, आणि लेकीला बेळगावाहून बोलावून घेतलं होतं.

"झालं तर मग," श्रीनिधी हताशपणे म्हणाला. "दोन नमुन्यांची अदलाबदल. लोकेशचं पत्र तयार आहे. आज कामावरून काढतो, आणि हलगर्जीपणाची तक्रार देतो. एकदा पोलीस केस झाली की कुठलीच प्रयोगशाळा त्याला दारात उभं करणार नाही. भोगू दे त्याला."

"थांब जरा," शकुंतलाबाई म्हणाल्या. त्यांना काहीतरी खुपत होतं. "दोघांचे कप्पे कुठं होते?"

"कुसुमबाई पहिल्या रांगेत दुसऱ्या," वेदश्रीनं बघून सांगितलं. "धोंडिबा चौथ्या रांगेत पाचव्या."

"ट्रेच्या एका टोकाचा आणि दुसऱ्या टोकाचा. अगं, हात चुकतो तो शेजारच्या कप्प्यात. इतक्या लांबचे दोन नेमके एकमेकांत कसे जातील?"

श्रीनिधीनं टेबलावरचा पेढ्यांचा खोका पुढं सरकवला. धारवाडकडच्या माणसाच्या टेबलावर पेढ्याचा खोका नसेल, तर ते टेबल परक्याचं समजावं. शकुंतलाबाईंनी आपल्या बाजूच्या रांगेतला, डावीकडून दुसरा पेढा उचलला आणि खोका फिरवून समोरच्या वेदश्रीपुढं सरकवला.

आणि पेढा तोंडाजवळ नेता नेता त्यांचा हात थांबला. रिकामी जागा आता खोक्याच्या पार पलीकडे, वेदश्रीच्या बाजूला गेली होती. शेवटच्या रांगेत, उजवीकडून दुसरी.

"श्रीनिधी," त्या हळूच म्हणाल्या, "कोरा ट्रे आण बघू एक."

ट्रे आला. शकुंतलाबाईंनी तो बोटांनी चाचपला. जुन्या ट्रेचा एकच कोपरा तिरका कापलेला असायचा, म्हणजे तो उलटा बसूच नये. या नव्या कंपनीच्या ट्रेचे कर्णावरचे, समोरासमोरचे दोन कोपरे कापलेले होते. सुलटा ठेवा नाहीतर गर्रकन फिरवून ठेवा, दिसायला तो तसाच दिसणार.

"दोन नमुने बदललेले नाहीत," त्या म्हणाल्या. "आख्खा ट्रे फिरलाय. पहिला शेवटच्याच्या जागी, दुसरा शेवटून दुसऱ्याच्या. वेदश्री, तुझ्या संगणकाला बाईचं रक्त आणि पुरुषाचं रक्त ओळखता येतं ना?"

वेदश्रीचा चेहरा उतरला. "येतं, अक्का. पण नावाशी ताडून बघायची तपासणी लावायची राहून गेली. मला वाटलं, एवढं कशाला..."

"आता लाव."

थोड्या वेळात पडद्यावर चोवीस चौकोन उमटले. जिथं बाईच्या नावावर पुरुषाचं रक्त निघालं, तिथं उलट टोकाच्या जोडीच्या कप्प्यात पुरुषाच्या नावावर बाईचं होतं. एकही अपवाद नाही. एकट्या कुसुमबाईंच्याच नाही, चोवीसच्या चोवीस घरांत चुकीचा रिपोर्ट गेला होता.

४

"म्हणजे त्यानं ट्रेच उलटा ठेवला!" श्रीनिधी म्हणाला.

"त्यानं की दुसऱ्या कुणी?" शकुंतलाबाईंना आता रंग चढला होता. जुन्या दिवसांसारखं डोकं भराभर चालत होतं. "लोकेशनं ट्रे ठेवला आणि तो बाहेर गेला. परत आला, तिरका कोपरा जागेवर आहे एवढं बघितलं आणि बटण दाबलं. मधल्या वेळात काय झालं? पूजा. पूजेच्या आधी आपण काय करतो? मशीन पुसतो. पुसायला वरचं सामान उचलतो आणि परत ठेवतो. ज्यानं मशीन पुसलं, त्यानं ट्रे फिरवला. कोण होतं तिथं?"

"सगळेच होते की," श्रीनिधी म्हणाला. "झेंडूच्या माळा, कापूर, धूर. कोहळा फोडायला निम्मे लोक बाहेर पळाले होते. कुणाचं कुणाकडे लक्ष होतं!"

"वेदश्रीनं व्हिडिओ काढला होता ना? मला आठवतंय, मोबाइल घेऊन मध्ये मध्ये करत होती."

वेदश्रीनं लॅपटॉप मिटला.

"काढ तो."

"अक्का," वेदश्री म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "तो नको बघायला."

"का? कुणाला वाचवतेस? इथं एका पोराची भाकरी जायची वेळ आलीय."

वेदश्रीनं एकदा श्रीनिधीकडे पाहिलं, मग मोबाइल काढून टेबलावर ठेवला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

व्हिडिओत मशीनची खोली दिसत होती. रोबोटसमोर लोकेश, अंगात पांढरा कोट, हातात मोजे. कडेनं एक आवाज आला, चांगला खणखणीत, हुकूम सोडायची सवय असलेला.

"लोकेश, तुम्हां लोकांना हे चालत नाही ना? मग कशाला अवघडून उभा राहतोस? जा, जेवून ये जा."

"मॅडम, ट्रे वर ठेवलाय. तो तसाच राहू द्या."

"अरे, कोण हात लावतंय तुझ्या ट्रेला! जा तू."

लोकेश गेला. मग पडद्यावर हिरव्या इरकली लुगड्याचा पदर आला, आणि दोन हात. डाव्या हातात पोवळ्याची अंगठी. त्या हातांनी ट्रे अलगद उचलला आणि बाजूच्या टेबलावर ठेवला, ओल्या फडक्यानं मशीन पुसलं, कुंकवाचं बोट ओढलं, फूल वाहिलं. मग ट्रे पुन्हा उचलला आणि जपून, दोन्ही हातांनी, जागेवर ठेवला. मागून कुणीतरी कन्नडमध्ये म्हणालं, 'छान झालं अक्का.'

शकुंतलाबाईंनी आपला डावा हात पदराखाली घेतला. अंगठी आजही बोटात होती.

ट्रे फिरवल्याचं आठवत नव्हतं, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण ते वाक्य? 'तुम्हां लोकांना.' ते आपण बोललो हे त्यांच्या स्मरणातच नव्हतं. इतक्या सहज ते तोंडातून गेलं होतं. आणि सकाळी त्याच पोराला उभं करून त्यांनी विचारलं होतं, कुणी सांगितलं? तो सरळ त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांना तो लबाड वाटला होता.

जन्मात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

५

श्रीनिधी उठला, दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "अक्का, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आपण असं करू. पूजेच्या गडबडीत कुणाच्या तरी हातून ट्रे फिरला, एवढंच सगळ्यांना सांगू. नाव कशाला? लोकेशचं पत्र मी फाडतो. तो सुटला, विषय संपला. तुमचं नाव या वयात..."

किती सोपं होतं! शकुंतलाबाईंना ते हवंहवंसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याची आणखी लाज वाटली.

"कुणाच्या तरी म्हटलंस की लोक कुणाचं नाव धरतील?" त्यांनी विचारलं.

सकाळी श्रीनिधीनंही लोकेशचंच नाव धरलं होतं.

"सगळ्यांना बोलाव. लोकेशला आधी."

माणसं जमली. हणमंत दारापाशी, वेदश्री खिडकीशी. लोकेशनं कोट काढून हातावर टाकला होता. त्याला वाटलं होतं की आता निघायचंच आहे.

शकुंतलाबाई उभ्या राहिल्या. लोकेशला म्हणाल्या, "तू बस." तो बसेना. तेव्हा त्यांनी पुन्हा म्हटलं, "बस बाबा. आज उभं राहायची पाळी माझी आहे."

मग त्यांनी आवाज मोठा करून व्हिडिओ लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ते वाक्य आणि कुंकू धरून. हणमंतानं मध्येच मान खाली घातली.

"ट्रे मी फिरवला," व्हिडिओ संपल्यावर त्या म्हणाल्या. "लोकेशनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं, तरी लावला. चोवीस माणसांचे रिपोर्ट माझ्या हातानं चुकले. सगळे नमुने पुन्हा तपासायचे आहेत. आणि कुसुमबाई आणि धोंडिबांच्या घरी आत्ता, या क्षणी, मी स्वतः जाऊन हे सांगणार आहे. श्रीनिधी, डॉक्टरांना फोन लाव, धोंडिबांच्या गोळ्या आधी थांबव."

श्रीनिधी फोन घेऊन बाहेर गेला. त्याच्यामागं बाकीची माणसंही गेली. कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं. लोकेशनं कोट पुन्हा अंगात घातला आणि बटणं लावायला लागला.

"फ्रीजरमधल्या नळ्या काढतो," तो म्हणाला. "कुसुमबाईंची पहिल्यांदा लावतो. या वेळी चार कप्प्यांचा छोटा ट्रे घेतो, तो उलटा बसत नाही."

"लोकेश." शकुंतलाबाईंनी हात जोडले. मोठ्या माणसानं जोडलेले हात बघून तो अवघडला. "माफ कर म्हणायचंही तोंड नाही मला. ट्रेचं जाऊ दे, तो कुणाच्याही हातून फिरला असता. मी तुला ज्या तऱ्हेनं विचारलं..."

"मॅडम, ट्रे मीही निशाणी करून ठेवायला हवा होता."

"ते नको सांगूस. मला एक सांग. सकाळी मी विचारलं, तुला कुणी पाठवलं. तुला पक्कं ठाऊक होतं. नोकरी जायला निघाली होती. तरी 'तुम्हीच' असं का नाही म्हणालास?"

लोकेशनं शेवटचं बटण लावलं. आवाज न चढवता, शांतपणे त्यानं विचारलं, "म्हणालो असतो, तर तुम्ही खरं मानलं असतं?"

शकुंतलाबाईंनी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. लोकेश थांबून राहिला, उत्तरासाठी, अगदी आदरानं. बाहेर श्रीनिधी फोनवर कुणाची तरी कन्नडमध्ये पुन्हा पुन्हा माफी मागत होता.

त्यांना 'हो' म्हणता आलं नाही. लोकेशनं मान हलवली आणि तो नळ्या काढायला आत गेला.